भरतीच्या वेळापत्रकावर

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. पुनवेला-अवसेला बाराच्या आगेमागे, आणि ती उधाणाची. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची. पाणी फार चढत नाही, फार ओसरतही नाही. दर्यावर जाणाऱ्याला याहून जास्त गणित लागत नाही.

क्लोद मोनेला असा हिशेब कुणी शिकवला नव्हता. १८८५ च्या नोव्हेंबरात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, एत्रेता गावाजवळच्या मानपोर्त नावाच्या अजस्र दगडी कमानीपाशी तो रंगवत बसला होता. ओहोटी चालू आहे अशा समजुतीत होता, आणि पाणी तर चढत होतं. एका लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि सामानासकट ओढत नेलं. हातापायांवर रांगत तो कसाबसा बाहेर आला तेव्हा बूट, मोजे, जुना कोट चिंब झाले होते, दाढीला निळा-पिवळा रंग फासलेला होता, आणि चित्र, चित्राचा घोडा (ईझल), पिशवी सगळं समुद्राने गिळलं होतं. ही सगळी हकीकत त्याने स्वतःच पत्रातून कळवली आहे. एत्रेता मात्र त्याने सोडलं नाही. १८८३ ते १८८६ या काळात तो तिथे पुन्हापुन्हा जात राहिला आणि त्या दोन-तीन कमानींची डझनावारी चित्रं त्याने केली.

आवडता किनारा आणि कलेची प्रेरणा असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सूर्यास्त येतो. किनारा आणि कला यांवरच्या लेखांचा हा संग्रह वाचताना तो क्षणभर बाजूला ठेवलेला बरा. किनारा कलावंताला आधी अटी घालतो, मग काय द्यायचं ते देतो. बसायला दोन-तीन तास मिळणार, नंतर पाणी येणार. उद्या हीच ओली वाळू हवी असेल तर पाऊण तास उशिरा यायचं, आणि तेव्हा उजेड वेगळा असणार. म्हणूनच किनाऱ्याकडून ज्यांना खूप काही मिळालं, ते लोक फार हिंडले नाहीत. मैल-दोन मैलांचा तुकडा त्यांनी धरला आणि तिथेच ठाण मांडलं. संग्रहातल्या लेखांना जोडणारा धागा हाच आहे: छोटा तुकडा, तोच तुकडा, पुन्हा तोच.

या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला थोडा मागचा इतिहास हवा. युरोपात समुद्राचं चित्र हे मुळात जहाजाचं चित्र होतं. सतराव्या शतकातला डच चित्रकार विलेम फान द फेल्द (थोरला) आरमारी लढाया चालू असताना लहानशा होडीतून त्यांच्यात जाऊन कागदावर टिपणं करायचा. पुढे १६७२-७३ च्या सुमाराला तो मुलासह इंग्लंडला गेला आणि तिथल्या राजासाठी तेच काम करू लागला. गिऱ्हाईक होतं आरमार, व्यापारी आणि दरबार. वाळू ही फक्त होडी ढकलायची जागा. तिथे नुसतं जाऊन बसावं ही कल्पना अठराव्या शतकात, समुद्रस्नान प्रकृतीला चांगलं हा डॉक्टरी सल्ला रुळल्यावर आली. रेल्वेने ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. १८४१ साली रंगांच्या कथली नळीचं पेटंट घेतलं गेलं आणि चित्रकाराला घरी रंग खलत बसण्याची गरज उरली नाही. रंग खिशात घालून तो बाहेर पडला.

ऑनफ्लरमध्ये जन्मलेला यूजीन बूदँ हा यातला महत्त्वाचा दुवा. त्यानेच कोवळ्या मोनेला उघड्यावर चित्र काढायची सवय लावली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचं १८७० सालचं त्रूव्हीलच्या वाळवंटावरचं एक छोटं चित्र आहे. त्याच्या रंगाच्या थरात वाळूचे कण आणि शिंपल्यांच्या कपच्या अडकलेल्या सापडल्या. चित्र तिथेच बसून केलं होतं याचा याहून साधा पुरावा कोणता असणार? पुढे एत्रेतात लेखक मोपासाँने मोनेला काम करताना पाहिलं आणि लिहून ठेवलं: मागून पोरं पाच-सहा कॅनव्हास वाहून आणताहेत, सगळ्यांवर एकच देखावा, वेळा निरनिराळ्या, ढग सरकला की एक खाली ठेवून दुसरा वर.

मोने, त्याच्याआधी एत्रेतालाच येऊन गेलेला चित्रकार कूर्बे, हे सारे येणारे-जाणारे. मुक्काम ठोकणाऱ्यांची जात निराळी. अमेरिकेचा विन्स्लो होमर १८८१ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलरकोट्स या मच्छीमार गावी गेला, तिथे जाळी आणि टोपल्या सांभाळणाऱ्या बायका दीड-दोन वर्षं रंगवत राहिला, आणि परतल्यावर १८८३ पासून मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ टोकावर कायमचा राहिला. १९१० साली तिथेच वारला. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, होड्या आहेत. नंतरच्या अनेक चित्रांत फक्त खडक आणि त्यावर फुटणारं पाणी. स्कॉटलंडच्या कॅटरलाइनमध्ये जोन अर्डली १९५० च्या दशकात वादळातसुद्धा बाहेर उभी राहून रंगवायची. फळ्या उडू नयेत म्हणून त्यांना दोर आणि दगड बांधावे लागत.

तिसरी तऱ्हा वसाहतींची. डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन गावी १८७० च्या दशकापासून चित्रकार जमू लागले आणि ब्रोन्डुम यांच्या खानावळवजा हॉटेलात उतरू लागले. त्यांतल्या क्रोयरने तिथल्या उन्हाळी संध्याकाळचा निळा उजेड इतका रंगवला की स्कागेन म्हणजे तो निळा, असं समीकरणच झालं. पण त्या कंपूत मूळची स्कागेनची अशी एकच ठळक चित्रकार होती, त्याच हॉटेलवाल्यांची लेक आना आंकर. आणि ती समुद्राकडे फारशी फिरकली नाही. तिची सर्वोत्तम चित्रं खोल्यांच्या आतली आहेत: खिडकीतून भिंतीवर पडलेलं ऊन, शिवणकाम करणारी बाई, निळ्या खोलीत पाठमोरी बसलेली मुलगी.

हा फरक या विषयाची किल्ली आहे. बाहेरून आलेला समुद्राकडे तोंड करून बसतो. गावातला बहुधा पाठ करून. त्याला तो रोजचाच.

या नियमाला छेद देणारा माणूस कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्‌ज गावात भेटतो. आल्फ्रेड वॉलिस मच्छीमार होता, मग भंगारवाला. बायको गेल्यावर, सत्तरी गाठताना, सोबतीला काहीतरी हवं म्हणून त्याने चित्रं काढायला घेतली. वाण्याकडून मिळालेले वेडेवाकडे पुठ्ठे आणि होड्यांना लावायचा रंग, एवढंच साहित्य. त्याच्या चित्रात होडी घराएवढी असते आणि दीपस्तंभ कधी आडवा झोपलेला, कारण समुद्रावरून परत येणाऱ्याला ज्याचं महत्त्व जितकं, तितका त्याचा आकार. १९२८ साली बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोघे तरुण चित्रकार त्याच्या दारावरून जाताना थबकले, आणि इंग्लंडच्या आधुनिक चित्रकलेला एक वळण मिळालं. वॉलिस मात्र १९४२ साली अनाथ-गरिबांसाठीच्या वर्कहाउसात वारला. बार्बरा हेपवर्थचं शिल्पोद्यान, कुंभकार बर्नार्ड लीचची १९२० सालची भट्टी, १९९३ साली उघडलेलं टेट संग्रहालय यांमुळे हे गाव आज कलेची पंढरी झालं आहे. घरांच्या किमती इतक्या चढल्या की गावच्या पोरांना तिथे घर घेणं जड जातं. भारतात १९६६ साली के. सी. एस. पणिकर यांनी चेन्नईजवळ उभारलेलं चोलमंडल कलाग्राम हा त्याच जातीचा प्रयोग, जरासा अधिक व्यवहारी: बाटिकसारखी हस्तकला विकायची आणि त्या पैशावर चित्रं काढायची.

समुद्रापाशी न बसता समुद्र रचणारेही आहेत. संगीतकार देब्युसीने ‘ला मेर’ (समुद्र) या रचनेची सुरुवात १९०३ साली बर्गंडीत केली, जिथून समुद्र बराच लांब. उलट बाजूने, बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर १८८३ साली न्यायाधीश असलेल्या भावाकडे कारवारला राहिले आणि तिथे त्यांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिलं. कारवारच्या चौपाटीला आज त्यांचं नाव आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे.

इथली सर्वांत जुनी कलाकृती वाळूवर नाही, सड्यावर आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या पठारांवर कोरलेली कातळशिल्पं गेल्या काही वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायी हिंडून, गुराख्यांना विचारत शोधली; २०२२ साली कोकण-गोव्यातल्या निवडक स्थळांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत, आणि त्यांत शार्क आहे, पाकट आहे. कोरणाऱ्याला एकाच दिवशी रान आणि दर्या दोन्ही दिसत असावेत. काळाबद्दल अभ्यासकांचे वाद चालू आहेत, पण एक गोष्ट शिल्पच सांगतं: पाकटाची ती चपटी, शेपटीवाली आकृती मासा हातात धरून पाहिलेल्याची आहे.

त्यानंतरच्या कलापरंपरांत समुद्र विरळच आढळतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या १२० पानांत तो मत्स्य आणि कूर्म अवतारांच्या आडोशाने येतो. पिंगुळीची चित्रकथी रामायण-महाभारतात रमते. आणि मराठी साहित्य? कोकणाने मराठीला लेखक दिले ते ओंजळीने नाही, पोत्याने: मालगुंडचे केशवसुत, देवगडजवळच्या धालवलीचे विंदा, मुर्डीचे श्री. ना. पेंडसे, आरवलीचे जयवंत दळवी. या मंडळींच्या लेखनात आगर आहे, खोत आहे, भाऊबंदकी आहे, देवचार आहे, मुंबईहून येणारी मनिऑर्डर आहे. ‘गारंबीचा बापू’ वाचताना नाकात सुपारीच्या बागेचा ओलसर वास बसतो, माशांचा फारसा नाही. कारण उघड आहे. लिहिती झालेली घरं बहुतेक आगरातली, आणि दर्या होता कोळी, गाबीत, भंडारी, दालदी यांच्याकडे. शाळा, छापखाना आणि संपादक यांच्यापर्यंत त्यांची पावलं पोचायला फार उशीर झाला. आना आंकरची पाठ समुद्राकडे होती ती सवयीने. आपल्याकडे त्यात जातीची भिंतही होती. कोकणी निसर्गाच्या कौतुकात हे वाक्य सहसा लिहिलं जात नाही.

म्हणूनच मराठी घराघरांत पोचलेली, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीची ती प्रसिद्ध कोळीगीतं इंदापूरला जन्मलेल्या शांता शेळके यांनी लिहिलेली असणं हा केवळ योगायोग वाटत नाही. देशावरची बाई दर्याकडे कुतूहलाने पाहू शकली. वेसाव्यापासून रेवदंड्यापर्यंत लग्नांत, हळदीत, नारळी पौर्णिमेला म्हटली जाणारी गाणी होतीच. पण त्यांना बराच काळ ‘लोकगीत’ या खात्यात टाकून कर्त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. वि. स. खांडेकरही असेच पाहुणे. सांगलीकडचा हा माणूस १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवत राहिला आणि त्यांच्या लेखनाचा पाया तिथे, मिठागरांच्या गावात घातला गेला.

गावातलाच असून समुद्राला भिडला तो चि. त्र्यं. खानोलकर. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नावाची किनाऱ्याची जागा आहे; तेच नाव त्यांनी १९६६ साली कादंबरीला दिलं. तिच्यातला समुद्र नजर निवणारा देखावा नाही. तो वर देतो आणि वरासोबत शिक्षाही. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली तिच्यावर हिंदी आणि तेलुगूत चित्रपट केला, आणि गोष्ट दुसऱ्या मुलखात जाऊनही उभी राहिली. एका छोट्या जागेचा धाक पुरेसा खोल उतरला असेल तर तो प्रवास करू शकतो, याचं एवढं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही.

दृश्यकलेत रायगडचा उत्तर किनारा विशेष. मांडवा बंदराजवळच्या सासवण्यात १८९१ साली विनायकराव करमरकर जन्मले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी पाहिलं आणि पोराला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच. एवढी कीर्ती मिळूनही माणूस सासवण्याला परत येत राहिला. तिथल्या घरातल्या संग्रहालयात सिमेंटची एक म्हैस आहे. तिच्याकडे पाहिलं की खाऱ्या हवेत ब्राँझऐवजी सिमेंट हाताळणाऱ्या शिल्पकाराचा हात किती मोकळा झाला होता ते कळतं. सासवण्याच्या दक्षिणेला, अलिबागपलीकडच्या नागावला १९३६ साली प्रभाकर बरवे जन्मले. त्यांच्या चित्रांतल्या विस्तीर्ण रिकाम्या जागा, त्यांत सुटी पडलेली पानं, घड्याळं पाहून ओहोटीच्या वाळवंटाची आठवण काढायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ‘कोरा कॅनव्हास’मध्ये बरव्यांनी आपल्या विचारप्रक्रियेबद्दल इतकं स्वच्छ लिहिलं आहे की जन्मगाव हातात धरून चित्राची कुलपं उघडत बसायची गरज नाही.

भूगोलाचा परिणाम मात्र नाकारता येत नाही, आणि तो काव्यात्म नाही. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. दक्षिणेला गोव्यात तो साधारण निम्म्यावर येतो. म्हणून अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीत चालत जाता येतं आणि चित्रकाराला मैलभर ओला आरसा मिळतो. गोव्यात वाळूची पट्टी दिवसभर जवळपास तेवढीच. रत्नागिरीजवळ मालगुंडच्या बाजूला इल्मेनाइटमुळे वाळू काळसर, तिथे जलरंगातला पांढरा कागद किती राखायचा याचं गणितच बदलतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. ज्याला होडीचा सांगाडा नीट अभ्यासायचा आहे त्याचा हंगाम हाच, पण पाऊस कागद उघडू देत नाही. संग्रहातले काही सर्वांत वाचनीय लेख अशा कटकटींबद्दलचे आहेत.

हा संग्रह आत्ताच का? एक तर किनारा हलतो आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या माड-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. जांभ्याच्या चिरेखाणी सडे खात आहेत, त्यांत कातळशिल्पंही. पुळणीच्या जागी दगडी बंधारे येत आहेत. जुनी चित्रं अशा वेळी पुरावा म्हणून उभी राहतात: व्हेनिसमध्ये कानालेत्तोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांत घरांच्या भिंतींवर शेवाळाची रेघ कुठवर आहे हे मोजून, तेव्हापासून पाणी किती चढलं याचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव किंवा मालवणची रापण कुणी दहा वर्षं सातत्याने रेखाटली, तर त्या वह्यांनाही असं मोल येऊ शकतं.

दुसरं कारण ड्रोन. एकाच उंचीवरून, एकाच रंगछटेत टिपलेला किनारा फोनवर रोज इतका दिसतो की गुहागर, काशीद आणि पाळोळे यांत फरक उरत नाही. त्या चित्रफितींत माणूस फक्त पर्यटक असतो. या संग्रहाने लेखकांना घातलेली अट त्यावरची प्रतिक्रिया आहे: एका ओहोटीत चालून होईल एवढाच तुकडा घ्यायचा आणि तिथे काम करणाऱ्या माणसांची, झाडांची, माशांची नावं माहीत असल्याखेरीज लिहायचं नाही. सगळ्यांनी ती सारख्या निष्ठेने पाळलेली नाही. काही पानांवर सूर्यास्त शिरला आहेच. पण आगरातली लेखणी आणि दर्यावरची लेखणी एकाच मुखपृष्ठाआड आणण्याचा प्रयत्न इथे नेटाने झाला आहे. होडीवर जन्म काढलेल्यांनी स्वतःच्या बोलीत सांगितलेलं इथे तळटीप म्हणून येत नाही, मुख्य मजकूर म्हणून येतं. शब्दार्थाची यादी जोडण्याचं संपादकांनी टाळलं आहे. डोल आणि रापण यांतला फरक संदर्भाने कळतो, आणि न कळला तर कोणत्याही बंदरावर विचारता येतो.

उणीव सांगायला हवी. मुंबईच्या उत्तरेचा किनारा या पुस्तकात नाही. वसईची सामवेदी आणि वाडवळी गाणी, तिथल्या ख्रिस्ती लेखकांची समृद्ध मराठी, डहाणू-पालघरकडची मच्छीमार गावं आणि त्यांच्या पाठीला लागून असलेली वारली चित्रं, यांचा संबंध गुजरातशी, पोर्तुगीज काळाशी आणि मुंबईच्या भाजी-मासळी बाजाराशी इतका गुंतलेला आहे की तीस-चाळीस पानांत उरकणं अन्यायाचं झालं असतं. तिथलं साहित्य जमवायला सुरुवात झाली आहे, आणि त्याची वेगळी जिल्द निघेल तेव्हा प्रस्तावना कुणीतरी वसईकराने लिहावी.